जळालेलं मॅग्नेट: बाराशेच्या री-वाइंडिंगच्या नोंदी

१२ एप्रिल २०२४, शुक्रवार

सकाळी साडेसातला फोन. जालना एमआयडीसीतला भट्टीचा कारखाना. "यार्डातलं मॅग्नेट बसलं. आज येऊन बघता का?" मेंटेनन्सचे साहेब घाईत होते. इंडक्शन भट्टीत रोज ओतायचं भंगार या एका मॅग्नेटवर उचललं जातं. ते बंद म्हणजे भट्टी उपाशी.

आमचं दुकान मोटार वाइंडिंगचं. शेतातल्या पाणबुडी मोटारींपासून रोलिंग मिलच्या मोठ्या मोटारींपर्यंत सगळं येतं. लिफ्टिंग मॅग्नेट मात्र आजवर दोनच केली, दोन्ही सहाशे मिमी व्यासाची. हे बाराशेचं आहे. हो म्हणून टाकलं. म्हणूनच ही वही: पुढच्या वेळी पहिल्यापासून डोकं खाजवायला नको.

१३ एप्रिल, शनिवार

यार्डात गेलो. शेडखाली भंगाराचे चार ढीग: जुन्या पत्र्याचे दाबलेले गठ्ठे, सळ्यांचे आणि अँगलचे तुकडे, लेथवरचं टर्निंग (लोखंड कातताना निघणारे कुरळे छिलके), आणि एका कोपऱ्यात बिडाचं. क्रेनच्या हुकाला सध्या ग्रॅब, म्हणजे पोलादी पंजा लावलाय. तो टर्निंग जितकं धरतो तितकंच वाटेत सांडतो, आणि मागे दोन बायका खराटा घेऊन.

मॅग्नेट जमिनीवर पालथं. दिसायला अवाढव्य पोळपाट, वर तीन साखळ्या. नेमप्लेट घासून वाचली: २२० व्होल्ट डीसी, थंड असताना ४० अँपिअर, ड्यूटी ६० टक्के (दहा मिनिटांत सहाच मिनिटं चालू), वजन १७२० किलो.

म्हणजे कॉइलचा, आतल्या वेढ्यांचा, रेझिस्टन्स साडेपाच ओहम. पण हा आकडा वीस अंशांचा असतो. आज सावलीत अडतीस. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो, त्या हिशेबाने ५.९ यायला हवा होता. आला ४.६. इन्सुलेशन तपासायचा मेगर लावला तर बॉडीला सरळ शून्य. दोन्ही गोष्टी एकदम: आतले वेढे एकमेकांना चिकटलेत आणि कुठेतरी बॉडीलाही टेकलेत.

साहेब म्हणाले, "ऑपरेटरनेच जाळलं. चालू ठेवून चहाला जातो." ऑपरेटर बाजूलाच उभा होता. बिहारमधल्या सिवानचा, पन्नाशी उलटलेला, यार्डात सगळे त्याला चाचा म्हणतात. तो काहीच बोलला नाही. मीही बोललो नाही. जळालेल्या मोटारीचं कारण आत उघडून बघेपर्यंत सांगायचं नाही, हे वडिलांनी शिकवलंय.

१५ एप्रिल, सोमवार

हायड्रा क्रेनने उचलून ट्रकमध्ये, ट्रकमधून दुकानात. दुकानाचं शटर काढावं लागलं.

रचना लिहून ठेवतो. बाहेरून जाड पोलादी भांडं, मधोमध त्याच तुकड्यातला खांब. खांबाभोवती जी गोल खाच, तिच्यात कॉइल. खांबाचं तोंड हा एक ध्रुव, भांड्याचा काठ हा दुसरा. भंगार या दोघांमध्ये पूल होऊन चिकटतं. कॉइलचं तोंड खालून बंद करणारी जी चकती असते ती मँगनीज स्टीलची, १२–१४ टक्के मँगनीजवाली. हिला चुंबक लागत नाही. लागून चालणारही नाही. ती साध्या लोखंडाची असती तर चुंबकीय प्रवाह खांबातून तिच्यातून आडवा काठापर्यंत गेला असता आणि खालच्या भंगाराला काहीच उरलं नसतं. शिवाय भंगाराचे टोले जसे बसतात तशी ती वरून आणखी कडक होत जाते.

हाच गुण आज नडला. भाचा ड्रिल घेऊन बसला, बोल्टाचं तुटलेलं टोक काढायला बाजूने भोक पाडू म्हणाला. ड्रिलचा बिट चकतीवर फिरला, किंचाळला, खाली चकचकीत ठिपका. पुन्हा दाबला, ठिपका आणखी चकचकीत. "मामा, हे लोखंड आहे का हिरा?" दोन बिट गेले. मग गाउजिंगवाल्याला बोलावलं, त्याने कार्बन रॉडने वेल्ड उडवला. संध्याकाळी सहाला चकती सुटली.

उघडताच वास. जळक्या वार्निशचा वास आमच्या नाकाला नवा नाही, पण यात कॉइलभोवती ओतलेल्या डांबरी कंपाउंडचा कडवटपणा मिसळलेला. शेजारचा टायरवाला बघायला आला आणि उलट पावली गेला.

१६ एप्रिल, मंगळवार

कंपाउंड तापवून काढलं. आत चार चपट्या कॉइल एकावर एक, एखाद्या दुरडीत भाकऱ्या रचाव्यात तशा. आम्ही दुकानात त्यांना भाकरीच म्हणायला लागलो: पहिली वरची, चौथी तळाची, भंगाराच्या बाजूची. पट्टी तांब्याची, १८ मिमी रुंद, ०.४५ जाड. प्रत्येक भाकरीत २७५ वेढे. मधला घेर धरून एका भाकरीला साडेसहाशे मीटर पट्टी, वजन ४७ किलो.

पहिल्या दोन भाकऱ्या ठीक. इन्सुलेशन तपकिरी पडलंय पण पट्टी शाबूत. तिसरी बाहेरच्या काठाला काळी. चौथीत आतल्या बाजूचे बरेच वेढे एकजीव झालेले, नखाने सुटत नाहीत. एका जागी तांब्याचा मणी होऊन खांबाला चिकटलाय.

इथे मी अडलो. निव्वळ तापून जळलेली कॉइल सगळीकडून सारखी भाजते, मधला भाग जास्त, कारण तिथली उष्णता बाहेर पडायला वाट नाही. इथे इन्सुलेशन म्हातारं झालंय हे खरं, पण मणी आहे तो कनेक्शनच्या टोकाशी, जिथे व्होल्टेज सगळ्यात जास्त ताणलं जातं. म्हणजे वरून दणका बसलाय. २२० व्होल्टच्या लाइनवर दणका कुठून येणार? कॉइल स्वतःच देते तेव्हा येतो.

१८ एप्रिल, गुरुवार

काल रामनवमी, दुकान बंद. आज साहेबांची परवानगी घेऊन क्रेनच्या केबिनमागचं पॅनेल उघडलं. खाली पत्र्याची शेड, वर केबिन, आत भाजून निघालो.

पॅनेल साधं आहे. ४१५ व्होल्ट एसी येतो, ट्रान्सफॉर्मर, एसीचं डीसी करणारा ब्रिज रेक्टिफायर, पुढे दोन कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठे विजेचे स्विच: एक उचलायचा, एक सोडायचा. सोडताना क्षणभर उलटा करंट दिला जातो, कारण करंट बंद केला तरी लोखंडात थोडं चुंबकत्व उरतं आणि हलकं भंगार लोंबत राहतं.

पण उलट्याच्या आधी एक काम असतं. एवढी मोठी कॉइल एकदम तोडली की तिच्यातला करंट थांबायला तयार नसतो. त्याला वाट म्हणून एक रेझिस्टन्स बँक देतात. कॉन्टॅक्टर सुटायच्या आधी कॉइल या बँकेला जोडली जाते, आणि साठलेली ऊर्जा तिथे गरम होऊन संपते. इथे रेझिस्टन्सच्या चार जाळ्या, म्हणजे ग्रिड, सिरीजमध्ये, मिळून २० ओहम. ४० अँपिअर गुणिले २० म्हणजे ८०० व्होल्टचा झटका. चांगलं इन्सुलेशन तो पचवतं.

मल्टिमीटर लावला. बँक ओपन. तिसऱ्या ग्रिडच्या कानाला बारीक चीर, वर गंजाची रेघ. म्हणजे आजची नाही, कित्येक महिन्यांची.

वाट बंद असल्यावर करंट कॉन्टॅक्टरच्या टोकांतून हवेतून उडी मारतो. टोकं बघितली: मक्याच्या कणसासारखी खडबडीत, एक बाजू तर वितळून पुन्हा गोठलेली. प्रत्येक वेळी ऑफ करताना कॉइलच्या टोकाला हजारांतलं व्होल्टेज बसत असणार.

मग चाचाला वर बोलावलं आणि विचारलं, चहाला जाताना बंद का करत नाही? तो आधी साहेब कुठे आहेत ते बघून मग म्हणाला, "साब, बंद करो तो कभी-कभी छूटता नहीं। माल लटका रह जाता है। दो बार मारना पड़ता है। और आवाज ऐसी कि लगे अंदर पटाखा फूटा।" टोकं चिकटत होती. म्हणून तो शक्य तितकं बंदच करत नव्हता, आणि म्हणून मॅग्नेट ६० टक्क्यांच्या जागी बहुतेक वेळ चालू. त्याने तापलं, इन्सुलेशन कडक झालं, आणि कडक झालेल्यावर दणके बसत राहिले.

त्याने हे आधी सांगितलं होतं का? सांगितलं होतं म्हणे, दिवाळीच्या सुमारास. कोणाला, ते वहीत लिहीत नाही.

२१ एप्रिल, रविवार

तांब्याच्या पट्टीची ऑर्डर दिली. पट्टीचा भाव रोज सकाळी वेगळा. पैसे कमी लागावेत म्हणून साहेबांनी विचारलं, ॲल्युमिनियम लावलं तर? कागदावर काढून बघितलं. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साधारण ६१ टक्के. तोच रेझिस्टन्स ठेवायचा तर पट्टी ०.४५ ऐवजी ०.७४ जाड हवी. इन्सुलेशनचा कागद धरून २७५ वेढ्यांना २३९ मिमी जागा लागते. खाच आहे २०० मिमीची. बसत नाही. ॲनोडाइज केलेली पट्टी वापरतात तेव्हा कागद लागत नाही, पट्टीच्या अंगावरचा ऑक्साइडच इन्सुलेशनचं काम करतो; तरी २०४. चार मिमीने हुकलं. मुळातच ॲल्युमिनियमसाठी बांधलेल्या मॅग्नेटची खाच रुंद ठेवलेली असते. हे तांब्याचंच आहे.

ठरलं: तिसरी आणि चौथी भाकरी नवीन पट्टीची. पहिल्या दोन सोडवून, साफ करून, त्याच पट्टीवर नवा कागद.

काम नाही म्हणून भाच्याला इतिहास सांगत बसलो. त्याचा डिप्लोमाचा पेपर आहे, म्हटलं उपयोग होईल. पहिला विद्युतचुंबक १८२४–२५च्या सुमारास इंग्लंडच्या विल्यम स्टर्जनने केला. हा चांभाराचा मुलगा, स्वतः त्याच कामाला शिकाऊ म्हणून लागलेला, पुढे फौजेत गेला. नालाच्या आकाराचं लोखंड, त्यावर वार्निश, आणि वर उघड्या तारेचे मोजके वेढे. तार उघडी, त्यामुळे वेढे एकमेकांपासून लांब ठेवावे लागायचे. सात औंसाच्या तुकड्याने नऊ पौंड उचलले. पुढे अमेरिकेत जोसेफ हेन्रीने लोखंडाऐवजी तारेलाच रेशीम गुंडाळलं. आता वेढे अंगाला अंग लावून, थरावर थर बसायला लागले. १८३१ साली येल कॉलेजसाठी केलेल्या त्याच्या चुंबकाने दोन हजार पौंडांच्या वर वजन पेललं.

भाचा म्हणाला, "म्हणजे मामा, सगळा फरक इन्सुलेशनचा." मी म्हटलं, मग मी तुला तीन वर्षं काय सांगतोय.

हेन्रीचे चुंबक न्यूयॉर्क राज्यात क्राउन पॉइंटजवळच्या लोखंडाच्या कारखान्यात खनिज वेगळं करायच्या कामी लागले. तिथे ते बघून थॉमस डेव्हनपोर्ट नावाचा लोहार असा वेडा झाला की त्याने त्यातून विजेची मोटार केली, १८३७ साली पेटंट घेतलं. म्हणजे लोखंड निवडायचं चुंबक आधी, मोटार नंतर. आमचा धंदाच त्या भंगारातून निघालाय म्हणायचा.

२६ एप्रिल, शुक्रवार

पट्टी काल आली. लेथच्या चकवर लाकडी फर्मा बसवला, ५५० मिमी व्यासाचा. पट्टीबरोबर नोमेक्सचा, उष्णता सोसणारा इन्सुलेशनचा कागद सोडायचा, पट्टीपेक्षा दोन्ही बाजूंनी थोडा रुंद. एक माणूस ताण धरायला, एक कागदाला, एक मोजायला. ताण सैल पडला तर भाकरी हलवताना डुगडुगते, जास्त झाला तर पट्टीची धार कागद कापते. हातातच कळतं ते.

चौथी भाकरी दुपारपर्यंत झाली. मोजली: १.४७ ओहम. ३८ अंशांना १.४७ च यायला हवी. भाचा वेढे मोजताना एकदा गडबडला होता, म्हणून हा आकडा बघून जीव भांड्यात पडला.

३० एप्रिल, मंगळवार

खालची चकती जुनी वापरायची नाही, मधोमध झिजून पापुद्रा झाली होती. नवीन मागवली, २० मिमीची. आज आली. गाडीवरून उतरवताना खिशातला चुंबक काढला. जुन्या स्पीकरमधला आहे, नेहमी खिशात असतो. चकतीवर टेकवला. टक्.

असा आवाज यायला नको. मँगनीज स्टीलवर चुंबक ठेवला की तो घसरून खाली पडला पाहिजे. ओतकामाच्या कातडीवर कधी हलकीशी ओढ जाणवते, कारण वरच्या थरातलं कार्बन जळालेलं असतं. पण इथे तर हिसका देऊन काढावा लागला. साधा माइल्ड स्टीलचा पत्रा कापून पाठवला होता. बिलावर मात्र मँगनीज.

परत पाठवली. पुरवठादार फोनवर म्हणाला, "अहो, वेल्डिंगला हीच सोपी जाते." त्याचं खरं आहे. वेल्डिंगला जाते. फक्त मॅग्नेट चालत नाही.

४ मे, शनिवार

चारही भाकऱ्या वार्निशमध्ये बुडवून निथळल्या, रात्रभर ओव्हनमध्ये १५० अंशांना. आधी मेगर २ मेगओहम दाखवत होता, सकाळी दोनशेच्या वर. उन्हाळ्याचा हा एक फायदा, दुकान स्वतःच ओव्हन.

८ मे, बुधवार

खरी मँगनीजची चकती काल आली. खिशातला चुंबक घसरून पायावर पडला, फार बरं वाटलं.

वेल्डिंगवर लक्ष ठेवून होतो. मँगनीज स्टील जास्त तापलं की आत कार्बाइड पडतात आणि ते काचेसारखं फुटतं. म्हणून स्टेनलेसचा रॉड, एकदा दोन इंच, मग थांबायचं, समोरच्या बाजूला पुन्हा दोन इंच. वेल्डरला सवय एका दमात ओढायची. त्याला म्हटलं, वेल्डच्या बाजूला हात टेकवता आला पाहिजे, नाही आला तर चहा पी. चार चहा झाले.

९ मे, गुरुवार

दुकानात पहिली चाचणी. रेझिस्टन्स ५.९. मेगर दोनशेच्या वर. रेक्टिफायर भाड्याने आणला.

स्विच दिला तेव्हा करंट एकदम चढत नाही. क्लँप मीटरवर आकडा सावकाश वर जातो, जणू मोठा हंडा भरतोय. सव्वा सेकंदात दोन तृतीयांशाच्या आसपास. त्यावरून काढलं: इंडक्टन्स, म्हणजे करंट बदलायला कॉइल किती अडते याचं माप, सात हेन्री; ४० अँपिअर धरले तर साठलेली ऊर्जा साडेपाच हजार ज्यूल. भाच्याला समजेल असं: सिमेंटचं पोतं तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर न्यायला जेवढी लागते तेवढी. प्रत्येक वेळी ऑफ केल्यावर ती कुठेतरी जायला हवी. गेले कित्येक महिने ती कॉन्टॅक्टरच्या टोकांवर आणि चौथ्या भाकरीवर जात होती.

दुकानातला एकही पाना आज जागेवर राहिला नाही. भाच्याचं घड्याळ बंद पडलं. त्याला आधी सांगितलं होतं.

११ मे, शनिवार

काल अक्षय्य तृतीया, आज बसवलं. सोमवारी मतदान असल्यामुळे निम्मे मजूर गावाकडे निघालेले, यार्ड शांत. चाचणीला बरं पडलं.

पॅनेलमध्ये नवी ग्रिड, दोन्ही कॉन्टॅक्टरची टोकं नवी, आणि कॉइलच्या दोन टोकांमध्ये एक व्हॅरिस्टर, म्हणजे जादा व्होल्टेज स्वतःतून वाहू देणारा भाग, माझ्या मनाने. पुन्हा ग्रिड तुटली तर निदान तो आधी मरेल.

हुक आणि मॅग्नेटच्या मध्ये वजनकाटा अडकवला. आकडे:

सळ्या-अँगलचा ढीग, मॅग्नेट थंड: ५६० किलो. टर्निंग: २९० किलो. दोन तास सलग काम करून, करंट ३७ वरून २९ वर उतरल्यावर सळ्या-अँगल: ४२० किलो. कॉइल तापते, रेझिस्टन्स वाढतो, करंट पडतो, उचल पडते. सकाळची पाळी भरभरून उचलते आणि दुपारची रडते, त्यात पाळीचा दोष नाही.

साहेबांनी विचारलं, १७२० किलोचं मॅग्नेट, आणि उचलतं फक्त पाचशे? रास्त प्रश्न आहे. एक टेसला क्षेत्र असलं की दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ किलोची ओढ बसते. मधल्या खांबाचं तोंड जवळपास दोन हजार चौरस सेंटिमीटरचं. म्हणजे एकट्या खांबाची ८ टन. गुळगुळीत जाड स्लॅब असेल तर खरंच उचलेल. पण क्षेत्र निम्मं झालं की ओढ चौथाईवर येते, आणि क्षेत्र निम्मं करायला थोडीशी हवाही पुरते. भंगाराच्या ढिगात लोखंडापेक्षा हवा जास्त. टर्निंग तर जवळजवळ हवाच, मध्ये मध्ये लोखंडाच्या कुरळ्या बटा.

हे तोंडी सांगून त्यांना पटेना. मग एक जाड प्लेट उचलून दाखवली, खाली ठेवली, वर प्लायवूडचे तुकडे टाकून पुन्हा उचलायला लावली. एक कोपरा तेवढा उचलला आणि सुटली. मग पटलं.

टर्निंग सोडताना बघण्यासारखं असतं. ढिगातून वर येतं तेव्हा मॅग्नेटखाली मोहोळ लटकल्यासारखं दिसतं. आधी ऑफ केल्यावर त्यातलं बरंच लोंबत राहायचं. आता चाचाने बटण सोडलं, दीड-दोन सेकंद उलटा करंट, आणि सगळं एकदम खाली. उलटा जास्त वेळ दिला तर तोच पुन्हा धरायला लागतो, म्हणून टायमर तीन-चार वेळा कमी-जास्त करून बसवला.

पटाखा वाजला नाही. चाचाने दहा-बारा वेळा उगाच चालू-बंद केलं.

१४ मे, मंगळवार

आज निवडायचं काम नीट बघितलं, कारण साहेब म्हणाले की मॅग्नेट आलं की निवडायला माणसं कमी करता येतील. मला ते पटत नाही, म्हणून दिवसभर ढिगाशी उभा राहिलो.

मॅग्नेट काय निवडतं? लोखंड आणि बाकीचं. ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, रबर, लाकूड, माती मागे राहते. इथपर्यंत छान. स्टेनलेसमध्ये गंमत आहे: ३०४ ग्रेडची भांडी मागे राहतात, ४३० ग्रेडचा पत्रा वर जातो. एका सिंकचा सपाट भाग अजिबात धरला जात नव्हता पण दाबून वळवलेले कोपरे हलके ओढले जात होते. थंड असताना वाकवल्याने तिथली रचना बदलते.

आता अडचण. मिक्सरच्या मोटारी, पंख्यांचे स्टेटर, गाड्यांचे स्टार्टर. बाहेर लोखंड, आत तांबं. मॅग्नेटला तांबं दिसत नाही, त्याला बाहेरचं लोखंड दिसतं; सगळं एकत्र उचलून भट्टीत. आणि तांबं भट्टीत जळून जात नाही, कार्बन-सिलिकॉनसारखं निघत नाही. पोलादात उतरतं, आणि बिलेट, म्हणजे ओतलेल्या पोलादाची कांडी, तापवून रोल करताना वर वर गोळा होऊन बारीक चिरा पाडतं. एकदा आत गेलं की काढायची सोय नाही, फक्त बाकीचं स्वच्छ भंगार घालून पातळ करता येतं.

मी जन्मभर स्टेटरमध्ये तांबं भरत आलोय, त्यामुळे मला ते ढिगात लांबूनच ओळखू येतं. तासाभरात तीन घमेली भरली. निवडणाऱ्या बायकांपैकी एक मावशी माझ्याकडे बघून हसल्या. त्यांनी तेवढ्या वेळात सहा भरली होती, आणि वर दोन सीलबंद शॉकअब्जॉर्बर बाजूला काढले होते. बंद नळकांडं भट्टीत पडलं तर आतला वायू आणि तेल फुटून वितळलेलं लोखंड माणसांवर येतं. मॅग्नेट तर ते आनंदाने उचलतं.

संध्याकाळी साहेबांना तांब्याच्या आणि शॉकअब्जॉर्बरच्या गोष्टी सांगितल्या. माणसं कमी करायचा विषय पुन्हा निघाला नाही. निदान माझ्यासमोर.

२१ मे, मंगळवार

बिल दिलं. तांब्याने काल लंडनच्या बाजारात विक्रम केला म्हणे, टनाला अकरा हजार डॉलरच्या वर. मी एप्रिलमध्ये घेतलं म्हणून वाचलो.

जाताना शेजारच्या प्लॉटवर स्लॅग क्रशर बघितला. भट्टीचा स्लॅग, म्हणजे वितळलेल्या लोखंडावरची मळी, फोडून पट्ट्यावर टाकतात, पट्ट्याच्या टोकाला चुंबकी पुली. साधे दगड पुढे उडून पडतात, लोखंडाचे दाणे पुलीला चिकटून खाली वळतात आणि पट्टा पुलीपासून सुटला की मागे पडतात. ना बटण, ना ऑपरेटर. यात कायमचे चुंबक आहेत, वाइंडिंग नाही. आमच्या पोटाच्या दृष्टीने वाईट यंत्र. पण तासभर बघत उभा होतो.

२५ जून, मंगळवार

पाऊस झाल्यावर पहिली तपासणी. ताप-थंड होताना मॅग्नेट श्वास घेतं, आणि पावसात श्वासाबरोबर ओल आत जाते. मेगर ८५ मेगओहम. मेच्या मानाने उतरलाय, पण घाबरण्यासारखा नाही. जंक्शन बॉक्सचं गॅस्केट बदललं, केबल जिथे आत जाते तिथे सीलंट भरलं.

ग्रिड २० ओहम. दर सोमवारी मोजायची असं पॅनेलच्या दारावर खडूने लिहून आलो होतो. खाली चाचाने स्वतःच्या अक्षरात पाच सोमवारांचे आकडे लिहिलेत, हिंदीत. मल्टिमीटर त्याने स्वतः विकत घेतलाय.

ड्यूटी घड्याळ लावून मोजली: दहा मिनिटांत मॅग्नेट साडेपाच मिनिटं चालू. चहाची सुट्टी झाली तेव्हा चाचाने बटण सोडलं, मॅग्नेट ढिगावर टेकवून ठेवलं आणि खाली उतरला. बिलाचे निम्मे पैसे आले. बाकीचे पुढच्या महिन्यात देतो म्हणालेत.